दॅटचा बांध

इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर रात्री दहानंतर येणाऱ्या कॉपीत मजकूर कमी आणि घाई जास्त असते. या घाईत पहिली कुऱ्हाड पडते ती ‘दॅट’वर. काढला तरी वाक्य पडत नाही, ओळ आटोपशीर होते, आणि पत्रकारितेच्या वर्गात कुणीतरी कधीतरी शिकवलेलं असतं, की फालतू शब्द गाळा. वार्ताहर तो मुळात लिहीत नाही. लिहिला तर उपसंपादक उडवतो, आणि त्याच्या हातून सुटला तर पान लावताना जातो. तो परत आणून बसवणं हे माझं काम. पगार त्याचा मिळत नाही, पण दिवसातलं बरंचसं समाधान त्यातच असतं.

एक वाक्य घ्या. ‘पोलीस सेड ऑन मंडे द अक्यूज्ड हॅड फ्लेड टु सुरत.’ अशी बातमी आठवड्यातून चारदा तरी येते. आता सांगा, सोमवारी काय झालं? पोलिसांनी सांगितलं, की आरोपी पळाला? ‘ऑन मंडे’ हे क्रियाविशेषण दोन क्रियापदांच्या मधोमध उभं आहे. डावीकडे ‘सेड’, उजवीकडे ‘हॅड फ्लेड’, आणि दोघंही सोमवारवर हक्क सांगू शकतात. इंग्रजी वैयाकरण अशा शब्दाला ‘स्क्विंटिंग’ म्हणतात, म्हणजे तिरळा. तो नेमका कुणाकडे बघतोय ते कळत नाही. आता यात दॅट घाला. ‘सेड ऑन मंडे दॅट द अक्यूज्ड हॅड फ्लेड’ असं म्हटलं, की सोमवार पोलिसांचा झाला. ‘सेड दॅट ऑन मंडे द अक्यूज्ड हॅड फ्लेड’ म्हटलं, की तोच सोमवार आरोपीच्या वाट्याला गेला. बाकी एकही शब्द हलला नाही. दॅट म्हणजे दोन शेतांमधला बांध आहे. तो हातभर इकडेतिकडे झाला, की कडेचं आंब्याचं झाड कुणाचं, हा वाद तालुक्याच्या कोर्टापर्यंत जातो.

बातमीतला सोमवारही जातो कोर्टापर्यंत. आरोपी सोमवारी पळाला असं आपण छापलं आणि सोमवारी दिवसभर तो पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होता असं निघालं, तर वकिलाची नोटीस येते आणि तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलासा छापावा लागतो. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेत म्हणूनच याबद्दल स्पष्ट सूचना आहे. ‘सेड’च्या लगेच मागे साधं सरळ वाक्य येत असेल, तर दॅट गाळायला हरकत नाही. पण क्रियापद आणि त्याचं पोटवाक्य यांच्या मध्ये वेळ सांगणारा शब्द आला, तर दॅट हवा. पोटवाक्याची सुरुवात ‘आफ्टर’, ‘ऑल्दो’, ‘बिफोर’ अशा शब्दाने होत असेल, तरीही हवा. आणि शंका आली तर ठेवाच, कारण गाळल्याने नुकसान होऊ शकतं, ठेवल्याने होत नाही. शैलीपुस्तिकांशी माझं एरवी फारसं जमत नाही, पण ही सूचना मी आमच्या नव्या मुलांना तोंडपाठ करायला लावतो.

मराठीत बातमी लिहिणाऱ्याला हा ताप कमी. ‘आरोपी सोमवारी सुरतेला पळाल्याचे पोलिसांनी सांगितले.’ ‘आरोपी सुरतेला पळाल्याचे पोलिसांनी सोमवारी सांगितले.’ दोन्ही वाक्यांत घोटाळा नाही. ‘पळाल्याचे’ या शब्दाशी आरोपीची हकीकत संपते, त्यानंतर जे येईल ते पोलिसांचं. ‘केल्याचे समजते’, ‘असल्याचे स्पष्ट केले’ या बातमीभाषेला आपण कितीही नावं ठेवली, तरी या बाबतीत ती फार कामाची आहे. अर्थात मराठीतही सोमवार वाक्याच्या अगदी तोंडाशी नेऊन ठेवला, की तो तिरळा झालाच. ‘सोमवारी आरोपी पळाल्याचे पोलिसांनी सांगितले’ हे वाक्य मी मराठी पेपरांत वाचतो, तेव्हा लाल पेन शोधायला हात आपोआप खिशाकडे जातो. आपल्या ‘की’ची भांडणं वेगळी. स्वल्पविराम त्याच्या आधी द्यायचा की नंतर, यावर मराठीच्या दोन मुद्रितशोधकांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. मी आधी देतो, आणि नंतर देणाऱ्यांशी वाद घालत नाही.

बोलण्यातली इंग्रजी मात्र उलट वागते. छापील मजकुरातून दॅट गळतो आणि बोलण्यात तो दोनदा येतो. एखाद्या मंत्र्याचं इंग्रजी भाषण टेपवरून उतरवून काढा. ‘आय वॉन्ट टु अशुअर यू दॅट, इफ द रेन्स फेल धिस इयर ऑल्सो, दॅट नो फार्मर विल सफर.’ पहिला दॅट म्हटला, मध्ये पावसाची अट आली, ती ओलांडून पलीकडे जाईपर्यंत पहिल्याचा विसर पडला, म्हणून दुसरा. व्याकरणाच्या पुस्तकांत याला दोष म्हटलंय आणि छापताना आम्ही एक उडवतोही. पण हा दोष जन्माने इंग्रजी बोलणारेही सर्रास करतात, लंडनमध्येही करतात. त्यात मला गंमत वाटते ती ही, की मध्ये क्रियाविशेषण किंवा अट घुसली की बोलणाऱ्यालाच पुन्हा खूण करावीशी वाटते. ऐकणाऱ्याला आता मूळ गोष्ट येतेय, हे सांगावंसं वाटतं. वार्ताहर कीबोर्डवर जी खूण पुसतो, ती माणसाची जीभ न शिकवता दोनदा करते.

काही क्रियाविशेषणं दॅटला थेट जोडून घेतात आणि दोघं मिळून उभयान्वयी अव्ययाचं काम करतात. त्यातलं माझं आवडतं ‘नाउ दॅट’. ‘नाउ दॅट यू आर हिअर, स्टे फॉर लंच.’ याचा अर्थ वर्गात ‘ज्याअर्थी तू आता येथे आहेस, त्याअर्थी’ असा सांगितला जातो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या घरांत तो गोडही लागायचा. पण असं बोलतं कोण? आपण म्हणतो, ‘आता आलाच आहेस, तर जेवूनच जा.’ इंग्रजीत जे काम दॅट करतो, ते इथे ‘च’ आणि ‘तर’ वाटून घेतात. नुसता ‘नाउ’ वेळ सांगतो. त्याला दॅट लागला, की वेळेतून कारण निघतं: तू आलास ही आता झालेली गोष्ट आहे, तिला धरून पुढचं ठरवू. ‘नाउ यू आर हिअर’ असंही बोलण्यात चालतं, आवाजाच्या चढउताराने ते निभावतं. कागदावर मात्र वाचणारा क्षणभर अडखळतो. ‘आता तू इथे आहेस’ असं स्वतंत्र विधान वाचतोय, की पुढे काही यायचंय, हे त्याला स्वल्पविरामापर्यंत समजत नाही.

एकेकाळी इंग्रजीत दॅटची अशी जोडी जवळजवळ सगळ्यांशी लागायची. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चौसरने लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’ची सुरुवातच मुळी ‘व्हेन दॅट’ या जोडीने होते. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘व्हेन दॅट’ आहे, ‘इफ दॅट’ही आहे. १६११ साली निघालेल्या राजा जेम्सच्या बायबलात ‘आफ्टर दॅट’ आणि ‘बिकॉज दॅट’ आहे. ‘व्हेन’सारखे शब्द मुळात प्रश्नाचे. ते प्रश्न न विचारता वाक्य जोडू लागले, तेव्हा हा प्रश्न नव्हे, जोड आहे, हे सांगायला दॅट सोबत चालायचा. पुढे लोकांना सवय झाली आणि सोबतीची गरज उरली नाही. ‘बिकॉज’च्या मागे वाक्य येणार हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ‘नाउ’चं तसं नाही. तो शंभरातल्या नव्वद वेळा एकटाच हिंडतो, मागे वाक्य नसतं. म्हणूनच त्याचा दॅट टिकला असावा, असा माझा आपला समज.

ब्रिटिश लोकांनी तर याही पुढे मजल मारली. ‘इमिजिएटली आय सॉ हिम, आय न्यू’ असं ते बिनदिक्कत म्हणतात. ‘इमिजिएटली’ हे शुद्ध क्रियाविशेषण, शेवटी त्याचं ते ‘ली’ही लटकतंय, आणि तरी ते मागे अख्खं वाक्य ओढत नेतं. ‘डायरेक्टली’चंही तेच. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत ‘डायरेक्टली ही केम’ दिसलं, की अमेरिकी वाचक बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्याकडे असं म्हणायची पद्धत नाही. तो ‘ॲज सून ॲज’ म्हणेल. मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये. ‘त्याला पाहताक्षणी मी ओळखलं.’ ‘तो येताच दिवे गेले.’ आपल्याकडे क्रियापदालाच शेपूट लागतं आणि क्रियाविशेषण तयार होतं.

ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९२४ साली ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये या सगळ्यावर एक सडेतोड मुद्दा मांडला. ‘बिलीव्ह’च्या मागे नाम येवो, वाक्य येवो किंवा काहीच न येवो, आपण त्याला क्रियापदच म्हणतो. मग ‘आफ्टर’च्या मागे नाम आलं तर शब्दयोगी, वाक्य आलं तर उभयान्वयी, काहीच न आलं तर क्रियाविशेषण, अशी तीन नावं कशासाठी? शब्द एकच आहे, फक्त मागचं सामान बदलतं. शालेय व्याकरणाने हे ऐकलं नाही. २००२ साली रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांचं केंब्रिजचं जाडजूड व्याकरण आलं, तेव्हा त्यांनी हा धागा उचलला आणि यातल्या बऱ्याच शब्दांना एका खात्यात टाकलं. मला येस्पर्सन पटतो. आपल्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘म्हणून’ एकदा स्वरूपबोधक, एकदा उद्देशबोधक म्हणून पाठ करावा लागतो. ते पाठ करणाऱ्या मुलांनाही तो पटेल.

‘सो’ आणि दॅट यांच्याबद्दल फार लिहीत नाही, तो प्रदेश शाळेने पुरता नांगरून ठेवलाय. ‘सो टायर्ड दॅट’ म्हणजे आपलं ‘इतका दमला, की’. दोन भाषांनी इतकं तंतोतंत जुळावं, असं क्वचित होतं. ‘सो दॅट’ला सरकारी मराठीने ‘जेणेकरून’ ही जोडी दिली. ती आता सोसायटीच्या नोटिशीत पाण्याची टाकी धुण्यापर्यंत पोचली आहे. ‘टाकी धुवायची म्हणून पाणी बंद’ असं लिहिलं असतं, तरी सगळ्यांनी बादल्या भरल्या असत्या.

आता ज्यांना दॅट जोडता येत नाही, त्यांच्याकडे वळू. ‘परहॅप्स दॅट ही विल कम’ असं इंग्रजीत म्हणत नाहीत. फ्रेंचमध्ये म्हणतात, ‘कदाचित’साठीच्या शब्दाला त्यांचा ‘क’, म्हणजे आपला ‘की’, सुखाने जोडतात, आणि ‘सुदैवाने’लाही जोडतात. मराठीत ‘कदाचित की तो येईल’ कुणी म्हणणार नाही. पण ‘नशीब, की शेवटची बस मिळाली’ हे आपण रोज म्हणतो. इंग्रजीत हे करायचं, तर क्रियाविशेषण मोडून त्याचं वाक्य करावं लागतं: ‘इट इज लकी दॅट’. किंवा दॅट सोडून ‘लकिली’ म्हणावं लागतं. दोन्हींतलं एकच, दोन्ही एकत्र नाहीत.

याच जागेवरून इंग्रजीतला एक मोठा तंटा झाला. ‘होपफुली’ म्हणजे मुळात ‘आशेने’. ‘शी लुक्ड ॲट मी होपफुली’: तिने आशेने पाहिलं. पण लोक म्हणू लागले, ‘होपफुली, इट विल रेन.’ आशा पावसाला नाही, बोलणाऱ्याला आहे. ‘इट इज होप्ड दॅट’ हे सगळं लांबलचक प्रकरण एका क्रियाविशेषणात कोंबलं गेलं. वेबस्टरच्या १९६१च्या कोशाने हा अर्थ नोंदवला आणि अमेरिकेत शुद्धतेचे रखवालदार खवळले. संपादकांनी कात्र्या परजल्या, शैलीपुस्तिकांनी मनाई केली. ‘फ्रँकली’ आणि ‘लकिली’ हेच काम कित्येक वर्षं बिनबोभाट करत होते, त्यांच्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नव्हतं. असोसिएटेड प्रेसने अखेर २०१२मध्ये ही मनाई उठवली. माझ्या मते हा तंटा फुकटचा होता. वाक्याच्या सुरुवातीला, स्वल्पविरामाच्या अलीकडे बसलेलं ‘होपफुली’ कुणाचीही दिशाभूल करत नाही. मधोमध उभा असलेला तो सोमवार करतो, आणि त्याच्याविरुद्ध कुणी मोर्चा काढला नाही.

शाळेत मात्र क्रियाविशेषण आणि दॅट यांचा एक वेगळाच हिशेब पाठ करून घेतात. डायरेक्ट-इनडायरेक्ट. पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचं व्याकरण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललं. यातले रेन हे भारतीय शिक्षणसेवेतले, मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या कराचीला नोकरी केलेले. १९२४ साली त्यांनी फ्रेंच परदेशी पलटणीवर ‘बो जेस्ट’ ही साहसकादंबरी लिहिली आणि इंग्लंडात ते त्या कादंबरीमुळे ओळखले गेले. आपल्याकडे ते मुलांच्या पाठीवरच्या दप्तरातून ओळखले जातात. त्या पद्धतीच्या पुस्तकांत एक तक्ता असतो. अवतरणचिन्हं काढून दॅट घातला, की ‘नाउ’चा ‘देन’, ‘टुडे’चा ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’, ‘अगो’चा ‘बिफोर’. मुलं हा तक्ता पाढ्यांसारखा म्हणतात आणि परीक्षेत तसाच उतरवतात.

दैनंदिन इंग्रजी असं चालत नाही. आत्ता फोन आला, सुरेश म्हणाला ‘आय विल कम टुमॉरो’, आणि फोन ठेवून मी बायकोला सांगितलं, तर ‘सुरेश सेज दॅट ही विल कम टुमॉरो’ हेच बरोबर. उद्या अजून उद्याच आहे. ‘द नेक्स्ट डे’ म्हटलं, तर ती विचारेल, कुठल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी? ‘टुमॉरो’ बदलायचं की नाही, हे दॅट ठरवत नाही. मी कुठल्या दिवशी बोलतोय, त्यावर ते ठरतं. तीच गोष्ट परवा सांगितली, तर ‘येस्टरडे’ होईल. महिन्याने सांगितली, तर ‘द नेक्स्ट डे’. चांगल्या व्याकरणांत हे सांगितलेलं असतं, पण तक्ता ठळक आणि टीप बारीक. परीक्षेला टीप येत नाही.

यात मराठी मुलाची अडचण वेगळी आहे, आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही. आपण घरात काय म्हणतो ते ऐका. काकांनी काल फोनवर सांगितलं, ‘उद्या येईन.’ आज आई आजीला सांगते, ‘काका काल म्हणाले होते, आज येईन म्हणून.’ या वाक्याकडे नीट बघा. ‘येईन’ हे काकांचं, प्रथमपुरुषी, जसंच्या तसं ठेवलेलं. पण ‘आज’ आईचा. काकांनी ‘आज’ म्हटलंच नव्हतं. म्हणजे माणूस बदलला नाही, दिवस बदलला. अर्धं प्रत्यक्ष, अर्धं अप्रत्यक्ष, आणि कुणालाही संशय येत नाही, की आईने आज येण्याचं ठरवलंय. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. इंग्रजीत असं अर्धवट चालत नाही. दॅट आला, की ‘आय’चा ‘ही’ करावाच लागतो. म्हणून आपली मुलं ‘अंकल टोल्ड दॅट आय विल कम टुडे’ असं लिहितात आणि तीन लाल रेघा खातात. ‘टोल्ड’च्या पुढे कुणाला ते हवं, ही रेघ योग्य. ‘आय’ची रेघही योग्य. पण ‘टुडे’? तो दिवस त्या मुलाने अगदी बरोबर बदललाय. काकांचा ‘उद्या’ त्याने स्वतःचा ‘आज’ केलाय. तक्त्यात ‘टुमॉरो’च्या समोर ‘टुडे’ लिहिलेलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आठवी-नववी-दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. तपासायच्या गठ्ठ्यात असं ‘टुडे’ किंवा ‘टुमॉरो’ दिसलं, तर अर्धा गुण कापण्याआधी प्रश्नपत्रिका पुन्हा वाचा. ते बोलणं कुठल्या दिवशी झालं आणि कुठल्या दिवशी सांगितलं जातंय, हे तिथे दिलेलं नसेल, तर चूक प्रश्न काढणाऱ्याची आहे, मुलाची नाही. पुढच्या वेळी प्रश्न काढताना तेवढा वार लिहा.